संगणकाच्या पडद्यावरील साहित्य आणि वाचकाची वाट

मराठी ग्रंथसंपत्तीचा मोठा भाग आज संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उपलब्ध झाला आहे. मराठी विश्वकोशाचे खंड, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने, राज्य मराठी विकास संस्थेने जतन केलेली दुर्मीळ पुस्तके आणि मराठी विकिस्रोतावरील जुने वाङ्मय ही त्यांतील काही ठळक नावे होत. या ग्रंथांची छापील प्रत मिळविण्यासाठी पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणचे ग्रंथालय गाठावे लागे. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड किंवा सोयगाव तालुक्यात बसलेला विद्यार्थी तेच ग्रंथ घरबसल्या उघडू शकतो.

परंतु ग्रंथ उघडणे आणि त्यातील हवा तो मजकूर सापडणे यांत पुष्कळ अंतर आहे. एका ओवीचा अर्थ पाहावयास आलेला वाचक चार दुवे ओलांडून पाचव्या पानावर पोहोचतो आणि आपण कोणत्या ग्रंथात आहोत, येथवर कसे आलो, मागे कसे जावयाचे हेच त्याला उमगत नाही, असा प्रसंग नेहमीचा आहे. बहुतेक वाचक तक्रार न नोंदविता निघून जातात. सार्वजनिक पैशातून पडद्यावर आणलेले वाङ्मय वाचले जाणार की नाही, हे म्हणूनच मजकुराइतकेच संकेतस्थळाच्या आखणीवर अवलंबून राहते.

दुव्यांची संहिता

ज्या मजकुरातील एखाद्या शब्दावर बोट ठेवताच दुसरे पान उघडते, त्या मजकुराला हायपरटेक्स्ट म्हणतात. मराठीत त्याला दुव्यांनी जोडलेली संहिता म्हणता येईल. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये एका लेखात अशा यंत्राची कल्पना मांडली होती. माणसाचे मन एका विषयावरून दुसऱ्या विषयावर साहचर्याने जाते, तेव्हा ग्रंथसंग्रहानेही तशी सोय का करू नये, असा त्यांचा विचार होता. हायपरटेक्स्ट हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये रूढ केला. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत दुव्यांनी जोडलेल्या माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यातूनच आजची संकेतस्थळे उभी राहिली.

कथा-कादंबरीच्या लेखकांनी हे साधन लवकरच हाती घेतले. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही १९९० मध्ये प्रकाशित झालेली रचना या प्रकारातील आद्य कृतींपैकी एक मानली जाते. तिच्यात ५३९ छोटी पाने असून ती ९५१ दुव्यांनी जोडलेली आहेत. कोणत्या शब्दात दुवा दडला आहे, याची खूण पानावर दिसत नाही. शिवाय काही दुवे वाचकाने आधी कोणती पाने पाहिली आहेत त्यावर उघडतात किंवा मिटतात. दोन वाचकांच्या वाट्याला एकच कथा येईल याची त्यामुळे शाश्वती नाही. कथा संपली केव्हा म्हणावयाचे, हेही ज्याचे त्याने ठरवावयाचे.

पैठणच्या परंपरेतील वाटा

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेत वाचण्याची रीत मराठी वाचकाला मात्र अपरिचित नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठण येथे ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत, असा स्पष्ट इशाराही देऊन ठेवला. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका. तिचे अठरा अध्याय गीतेच्या अध्यायांना धरून चालतात आणि श्लोकाखाली त्याच्या ओव्या येतात. श्लोकाकडून ओवीकडे आणि ओवीकडून पुन्हा श्लोकाकडे अशी ये-जा तिच्या रचनेतच आहे. प्रवचनकार आधी श्लोक घेतो, मग ओवी, मग दुसऱ्या अध्यायातील तिची सोबतीण. श्रोते मात्र हरवत नाहीत, कारण अध्याय आणि ओवीचा क्रमांक हा त्या वचनाचा पत्ताच असतो.

महानुभाव वाङ्मयात ही सोय आणखी पुढे गेलेली दिसते. लीळाचरित्र हे सुट्या लीळांचे बनलेले आहे. पैठणातील चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्याही अनेक लीळा त्यात आहेत. प्रत्येक लीळा स्वतंत्रपणे वाचता येते आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा विभागांत तिचे स्थानही ठरलेले असते. स्वामींची वचने पुढे केसोबासांनी वेगळी काढून सूत्रपाठात गुंफली. सूत्र तर हाती आले, पण ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे कसे कळावे? ते सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ हा एक वेगळा ग्रंथप्रकारच महानुभावांनी निर्माण केला. मूळ प्रसंगापासून तोडलेल्या वचनाला परत त्याच्या जागी नेऊन पोहोचविणारा हा दुवाच म्हटला पाहिजे. आजच्या अनेक संकेतस्थळांना जे साधत नाही ते त्या अभ्यासकांना टाक-दौतीने साधले होते.

पोथीची बाह्यरचनाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पोथीची पाने सुटी असतात. वाऱ्याने ती विस्कटली तरी समासात लिहिलेला पत्रांक आणि ग्रंथाचे संक्षिप्त नाव पाहून कोणीही ती पुन्हा लावू शकतो. संकेतस्थळाचे पानही सुटेच असते. शोधयंत्रातून आलेला वाचक मुखपृष्ठ न पाहता थेट मधल्या पानावर उतरतो. त्या पानावर ग्रंथाचे नाव, अध्याय आणि स्थान नसेल, तर ते पान विस्कटलेल्या पोथीतील बिनक्रमांकाच्या पत्रासारखेच होय.

वाचकांचा अनुभव

दुव्यांच्या साहित्याविषयी आरंभी लेखक आणि समीक्षक यांनीच अधिक लिहिले. वाचक आता स्वतंत्र झाला, तो लेखकाच्या बरोबरीने कृती घडवील, अशी ग्वाही मोठ्या उत्साहाने देण्यात येत होती. प्रत्यक्ष वाचकाला काय वाटते, हे विचारण्याचे काम थोड्यांनीच केले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे डेव्हिड मायल आणि टेरेसा डॉब्सन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यांनी एलिझाबेथ बोवेन यांची ‘द डीमन लव्हर’ ही लघुकथा सत्तर वाचकांना वाचावयास दिली. काहींना ती नेहमीसारखी क्रमाने, तर काहींना दुव्यांच्या स्वरूपात मिळाली. कथेची वाक्ये दोन्हीकडे तीच होती. दुव्यांनी वाचणाऱ्यांना अधिक वेळ लागला आणि त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाचकांनी कथेचा धागा धरून ठेवणे अवघड गेल्याचे सांगितले. क्रमाने वाचणाऱ्यांत अशी अडचण सांगणारे दहांत एकच होते. कथा सारखी उड्या मारते, अशा आशयाचे उद्गारही निघाले.

याच अभ्यासकांनी शॉन ओफेलन यांच्या ‘द ट्राउट’ या कथेवर दुसरा प्रयोग केला. त्यात असे आढळले की, दुव्यांनी वाचणाऱ्यांचे लक्ष कथेतील अनुभवापेक्षा दुव्यांच्या यंत्रणेकडेच अधिक वळते. कोणता शब्द निवडू, निवडल्यास काय होईल, दुसरा निवडला असता तर काय झाले असते, या विचारात पात्रे आणि प्रसंग मागे पडतात.

याचे कारण जेफ कॉंकलिन यांनी १९८७ मध्येच नेमके सांगून ठेवले होते. हायपरटेक्स्टचा आढावा घेताना त्यांनी दोन अडचणी नोंदविल्या. पहिली दिशाभ्रमाची: आपण जाळ्यात कोठे आहोत हे वाचकाला कळेनासे होते. दुसरी मनावरील जादा ओझ्याची: वाचता वाचता दर वेळी वाट निवडावी लागते आणि निवडीचा तो श्रम वाचनाच्या श्रमात भर घालतो. वाक्याच्या मध्यावर आलेला प्रत्येक दुवा हा वाचकाला विचारलेला एक प्रश्न असतो. एका परिच्छेदात दहा दुवे म्हणजे दहा प्रश्न.

येथे एक भेद केला पाहिजे. वाचकाला वाट चुकविणे हाच ज्या लेखकाचा हेतू आहे, त्याच्या कथेत हरविणे हा आस्वादाचा भाग ठरू शकतो आणि तशा रसिकांचा वर्गही आहे. अर्जेंटिनाचे कादंबरीकार हूलिओ कोर्तासार यांनी १९६३ च्या ‘रायुएला’ या छापील कादंबरीतच हा खेळ केला होता. तिची १५५ प्रकरणे सरळ क्रमाने छप्पनाव्या प्रकरणापर्यंत वाचावीत किंवा लेखकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे त्र्याहत्तराव्यापासून आरंभ करून उड्या घेत वाचावीत, अशी मुभा त्यांनी दिली. मात्र पुढे कोणत्या प्रकरणाकडे जावयाचे तो क्रमांक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी छापावयास ते विसरले नाहीत. ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळाला तर अशा खेळाचेही निमित्त नसते. तेथे वाचक हरवला, तर तो आखणीचा दोष होय.

वेरूळचे उदाहरण

छत्रपती संभाजीनगरपासून जवळच असलेल्या वेरूळच्या लेण्यांत दररोज शेकडो माणसे कोणत्याही ठरीव क्रमाशिवाय हिंडतात. तेथील चौतीस लेण्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात: एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन. हे क्रमांक काळाचे नाहीत. एकोणतिसावे लेणे आठव्या शतकातील कैलासाहून जुने आहे. बहुसंख्य प्रेक्षक तर आरंभच सोळाव्यापासून, म्हणजे कैलासापासून करतात. तेथून कोणी डावीकडे वळतो, कोणी उजवीकडे. तरीही सहसा कोणी गोंधळत नाही. कारण प्रत्येक लेण्यापाशी क्रमांक आहे, क्रमांकावरून दिशा कळते आणि समोरची डोंगराची धार सतत दृष्टीस पडते.

उत्तम संकेतस्थळाकडून वाचक एवढेच मागतो. तो कोठूनही आत येईल आणि कोणत्याही बाजूस जाईल. त्याला पानाचा क्रमांक, दोन्ही बाजूंच्या पानांची नावे आणि संपूर्ण ग्रंथाची रूपरेषा दिसत राहिली पाहिजे. ‘येथे क्लिक करा’ एवढेच शब्द असलेला दुवा म्हणजे नाव नसलेले लेणे होय. दुवा कोठे नेतो, हे त्याच्या शब्दांवरूनच कळावयास हवे. पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या दुव्यांचे रंग वेगळे ठेवण्याचा जुना संकेतही याच कारणास्तव उपयुक्त आहे. केवळ शोभेसाठी तो मोडणारे आखणीकार वाचकाच्या पाऊलखुणा पुसून टाकतात.

मराठी संकेतस्थळांपुढील विशेष अडचणी

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या छापील खंडांतच नोंदीमधील काही नावांपुढे बाणाची खूण आढळते. या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहावी, असा तिचा अर्थ. छापील खंडात बाण पाहून वाचक उठून दुसरा खंड काढीत असे. पडद्यावर त्याच बाणाने नोंद उघडावी, ही त्याची अपेक्षा स्वाभाविक आहे. बाण दिसतो, पण त्यावर बोट ठेवल्यास काहीच घडत नाही, अशा वेळी त्याला वाटणारी निराशा छापील पानाने कधी दिली नव्हती.

ओवी-अभंगांच्या संकेतस्थळांचा प्रश्न वेगळा आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीतील ओव्यांची संख्या प्रचलित एकनाथी परंपरेच्या प्रतींहून कमी आहे. साहजिकच एका प्रतीतील ओवीचा क्रमांक दुसऱ्या प्रतीत वेगळ्याच ओवीवर जाऊन पडू शकतो. संकेतस्थळावर कोणती प्रत घेतली आहे ते सांगितले नसेल, तर परीक्षेसाठी टिपण काढणारा विद्यार्थी चुकीचा क्रमांक उतरवून घेतो आणि ती चूक त्याची समजली जाते.

शोधाची सोय हा तर वाचकांच्या नाराजीचा सर्वांत मोठा विषय आहे. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वऱ्हाड’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे उमटविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. वाचकाने एका रीतीने टंकलेखन केले आणि मजकूर दुसऱ्या रीतीने भरलेला असला, की ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर येते. जुन्या लेखनपद्धतीने ही अडचण वाढविली आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु केतकरांच्या ज्ञानकोशासारख्या त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यांत’ अशीच रूपे आहेत. आजचा वाचक ‘नाव’ लिहून शोधतो आणि अक्षराला अक्षर जुळविणारे यंत्र त्याला रिकाम्या हाताने परत पाठविते. दोन्ही रूपे एकच मानण्याची तजवीज शोधयंत्रात करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. ती करावी हे सुचण्यासाठी मात्र मराठी लेखनाचा इतिहास ठाऊक असलेला माणूस यंत्रज्ञाच्या शेजारी बसावा लागतो. वर्णक्रमाचेही तसेच आहे. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’ मध्ये पाहावे की वर्णमालेच्या शेवटी, याचे उत्तर निरनिराळ्या कोशांत निरनिराळे मिळते. अनुक्रमणिकेच्या माथ्यावर एका ओळीत ते सांगून टाकल्यास वाचकाचा पुष्कळ वेळ वाचेल. ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविणे हे एक स्वतंत्र सूत्रच आहे.

पुष्कळ मराठी ग्रंथ पीडीएफ स्वरूपात, म्हणजे छापील पानांच्या चित्रांसारखे, ठेवलेले असतात. ग्रंथाचे मूळ रूप टिकते, हा त्यांचा गुण. पण प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका धरून मोजणी झाल्यामुळे ग्रंथातील पहिले पान पडद्यावर सतरावे किंवा विसावे ठरते, आणि अनुक्रमणिकेत पाहिलेला पृष्ठांक टाकला असता भलतेच पान समोर येते. पाचशे पृष्ठांच्या ग्रंथात आतील प्रकरणांना दुवे नसतील, तर भ्रमणध्वनीवर वाचणाऱ्याला बोटाने पान सरकवीत राहण्यावाचून गत्यंतर नसते. युनिकोडपूर्व टंकांत सिद्ध झालेल्या ग्रंथांत अक्षरे सुबक दिसतात आणि शोध मात्र लागत नाही. शिवाय देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत इंग्रजीहून अधिक अंतर लागते. इंग्रजीसाठी केलेल्या चौकटीत मराठी मजकूर कोंबला, तर डोळे लवकर थकतात.

या अडचणींपैकी बहुतेकांना फार खर्चाचा उपाय लागत नाही. केंद्र शासनाने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली आहेत. सर्व पानांवर दिशादर्शनाची एकसारखी पद्धत, संकेतस्थळाचा नकाशा आणि शोधाची सोय या गोष्टी त्यांत अंतर्भूत आहेत. साहित्याच्या संकेतस्थळाने त्यांना प्रतीचे नाव, ओवी किंवा पृष्ठाचा स्थिर क्रमांक आणि मूळ प्रसंगाकडे परत नेणारा दुवा यांची जोड द्यावयाची आहे. वाक्याच्या मध्यावर दुवे पेरण्याऐवजी ते समासात किंवा परिच्छेदाखाली ठेवले, तर सलग वाचणाऱ्याला अडथळा होत नाही आणि शोधकालाही ते हाताशी राहतात. पोथ्यांचे समास त्यासाठीच तर सोडलेले असत.

राहता राहिला वाचकांच्या प्रतिक्रियेचा प्रश्न. पोथी वाचताना गळलेले अक्षर आढळले, तर जाणता वाचक त्या जागी काकपदाची खूण करून ते समासात लिहून ठेवी. पुढचा लेखक नक्कल करताना ते आत घेई. मराठी विकिस्रोतावर याच जातीची व्यवस्था आहे. तेथे टंकलिखित मजकुराशेजारी मूळ छापील पानाचे चित्र ठेवलेले असते. चूक दिसताच वाचकाला ती तेथल्या तेथे सुधारता येते. न तपासलेले पान लाल रंगाने, एकदा तपासलेले पिवळ्या रंगाने दाखविले जाते आणि दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने ते पुन्हा पडताळले म्हणजे हिरवे होते. छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांना आपल्या परिसरातील एखादा जुना, प्रताधिकारमुक्त ग्रंथ निवडून ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे जोडणी असलेला एक संगणक आणि शेजारी बसून पाठ मिळवून पाहणारे दोघे जण.